पुगूचे मास्तर

मार्च १९५५मध्ये पुगू इथल्या मिशनच्या शाळेतल्या एका शिक्षकाला निवड करावी लागली: शिकवायचं की राजकारण करायचं? पुगू हे दार-एस-सलाम शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. हे मास्तर नुकतेच न्यूयॉर्कहून परतले होते. संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढे त्यांनी आपल्या देशाची, टांगानिकाची, बाजू मांडली होती. दोन्ही डगरींवर पाय ठेवणं आता शक्य नव्हतं. त्यांनी शाळेचा राजीनामा दिला.

ज्युलियस कम्बारागे न्येरेरे हे त्यांचं नाव. सहा-सात वर्षांत ते स्वतंत्र टांगानिकाचे पंतप्रधान झाले, मग राष्ट्राध्यक्ष. १९८५पर्यंत ते या देशाच्या, म्हणजे पुढच्या टांझानियाच्या, सर्वोच्च पदावर राहिले. लोक मात्र त्यांना आयुष्यभर ‘म्वालिमू’, म्हणजे मास्तर, म्हणूनच हाक मारत. त्यांची कारकीर्द जवळून पाहिली की त्यांच्या राज्यकारभारात वर्गातलेच संस्कार दिसतात. जिथे त्यांनी चिकाटीने समजावून सांगितलं, तिथे त्यांच्या हातून आफ्रिकेत विरळा दिसणारी कामं झाली. जिथे धीर सुटला आणि छडी हातात आली, तिथे लोकांनी सोसलं. या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत आणि त्या एकत्रच समजून घ्यायला हव्यात.

आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांची यादी काढली तर तीत शिक्षक पुष्कळ सापडतात. घानाचे न्क्रुमा, झांबियाचे काउंडा, केनियाचे मोई, झिंबाब्वेचे मुगाबे, नायजेरियाचे तफावा बालेवा, मालीचे मोदिबो केइता या सगळ्यांनी आधी शाळेत शिकवलं. याचं कारण वसाहतींच्या रचनेत होतं. शिकलेल्या आफ्रिकन तरुणाला कारकुनी, धर्मोपदेशकाचं काम किंवा मास्तरकी एवढ्याच वाटा बहुधा मोकळ्या असत. वकिली आणि डॉक्टरकी फार थोड्यांच्या आवाक्यात होती. शिक्षक मात्र खेड्यापाड्यात पोचलेला असे, त्याला साहेबाची भाषाही येई आणि लोकांचीही, आणि चार माणसांपुढे उभं राहून बोलायची सवय त्याला रोजच्या कामातूनच लागलेली असे.

न्येरेरे यांचा जन्म एप्रिल १९२२मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला, मुसोमाजवळच्या बुतियामा गावी झाला. वडील झनाकी या छोट्या जमातीचे मुखिया. त्यांच्या बावीस बायकांपैकी एक म्हणजे न्येरेरेंची आई म्गाया. बारा वर्षांचे होईपर्यंत या मुलाने शाळा पाहिली नव्हती, तो शेळ्या राखत होता. १९३४मध्ये मुसोमाच्या निवासी प्राथमिक शाळेत त्याचं नाव घातलं आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत संपवला. पुढे तो टाबोराच्या सरकारी शाळेत शिकला आणि १९४३मध्ये युगांडातल्या मकेरेरे महाविद्यालयात शिक्षणशास्त्राची पदविका घ्यायला गेला. त्याच वर्षी त्याने कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली आणि ज्युलियस हे नाव धारण केलं.

मकेरेरेतली एक गोष्ट मला विशेष वाटते. जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या दास्यावरचं पुस्तक त्यांनी वाचलं आणि त्यातला विचार स्वतःच्या झनाकी समाजातल्या बायकांना लावून एक निबंध लिहिला. त्या निबंधाला पूर्व आफ्रिकेतल्या साहित्यस्पर्धेत पारितोषिक मिळालं. बावीस सवतींच्या घरात वाढलेल्या विशीतल्या तरुणाने पुस्तकातला प्रश्न सरळ आपल्या आईच्या अंगणात आणून ठेवला. बाहेरून आलेला विचार आपल्या मातीत रुजतो का हे तपासून पाहण्याची ही रीत त्यांनी कधी सोडली नाही.

पदविका मिळाल्यावर ते टाबोराला परतले. सरकारी शाळेत नोकरी मिळत असताना त्यांनी मिशनची सेंट मेरीज शाळा पत्करली. तिथे ते शाळेत शिकवत, संध्याकाळी गावातल्या प्रौढांना फुकट इंग्रजी शिकवत. मधल्या काळात सरकारने त्यांना दुकानांतल्या मालाचे भाव तपासण्याचं काम दिलं होतं. आपल्या अहवालांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी ते सोडलं. १९४९मध्ये शिष्यवृत्तीवर ते एडिंबरा विद्यापीठात गेले, १९५२मध्ये एम.ए. होऊन परतले. पुढच्या वर्षी जानेवारीत मारिया यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि ते पुगूच्या शाळेत रुजू झाले.

दार-एस-सलाममध्ये तेव्हा टांगानिका आफ्रिकन असोसिएशन नावाची संघटना होती. कारकून, शिक्षक आणि शहरातल्या जाणत्या माणसांचं ते मंडळ होतं. १९५३मध्ये न्येरेरे तिचे अध्यक्ष झाले आणि ७ जुलै १९५४ला तिचं रूपांतर टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन, म्हणजे ‘टानू’ या पक्षात झालं. सातव्या महिन्याची सातवी तारीख म्हणून स्वाहिलीत या दिवसाला ‘साबा साबा’ म्हणतात आणि तो आजही पाळला जातो.

टांगानिकाची एक कायदेशीर बाजू त्यांनी नेमकी हेरली होती. हा मुलूख पहिल्या महायुद्धाआधी जर्मनांकडे होता. त्यांच्या पराभवानंतर राष्ट्रसंघाने आणि पुढे संयुक्त राष्ट्रांनी तो कारभारासाठी ब्रिटनच्या हाती दिला. त्यामुळे ब्रिटिशांना आपल्या कारभाराचा हिशेब न्यूयॉर्कला द्यावा लागे आणि तिथल्या रयतेलाही तिथे जाऊन दाद मागता येई. शेजारच्या केनियात माऊ माऊचा उठाव बंदुकीच्या जोरावर दडपला जात असताना टांगानिकाचा लढा अर्ज, सभा आणि मतपेटीच्या मार्गाने गेला. न्येरेरेंच्या स्वभावाला ते मानवलंच, पण परिस्थितीनेही ती वाट खुली ठेवली होती.

राजीनाम्यानंतर पगार बंद झाला. काही महिने ते आपल्या मुलखात राहिले आणि तिथल्या एका कॅथलिक धर्मगुरूला झनाकी भाषा शिकवून त्यांनी गुजराण केली. मग पुन्हा दार-एस-सलामला आले. घरखर्चासाठी मारियाबाईंनी छोटं दुकान चालवलं. पक्ष उभा राहिला तो बायकांमुळे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. बिबी तिती मोहम्मद या गाणाऱ्या, फारसं न शिकलेल्या बाईंनी शहरातल्या नाचगाण्याच्या महिला मंडळांतून हजारो बायका पक्षात आणल्या. सभेला माणसं गोळा करावीत बिबी तितींनी आणि त्यांना मुद्दा उलगडून सांगावा न्येरेरेंनी, अशी ती जोडी होती. याच बिबी तितींवर १९६९मध्ये राजद्रोहाचा आरोप येऊन त्यांना जन्मठेप झाली आणि १९७२मध्ये न्येरेरेंनी त्यांना माफी दिली. त्या सहकारिणीची अशी परवड व्हावी, हे वाचताना आजही मनाला लागतं.

१९५८ची निवडणूक हा न्येरेरेंच्या समजावण्याच्या कलेचा कस पाहणारा प्रसंग. ब्रिटिशांनी अशी पद्धत आणली की प्रत्येक मतदाराने तीन मतं द्यायची: एक आफ्रिकन, एक युरोपियन आणि एक आशियाई उमेदवाराला. म्हणजे लोकसंख्येत मूठभर असलेल्या गोऱ्यांना आणि आशियाईंना आफ्रिकनांच्या बरोबरीने जागा. पक्षात संताप होता, बहिष्काराचा सूर चढला होता. जानेवारी १९५८मध्ये टाबोराच्या अधिवेशनात न्येरेरेंनी कार्यकर्त्यांना एक दृष्टांत दिला. पीक तुमचं आहे, पण शेताभोवती चिखल आहे. पांढरा झगा मळेल म्हणून काठावर थांबाल तर पीक हातचं जाईल. निवडणुकीत उतरण्याचा ठराव मंजूर झाला. मग टानूने गोऱ्या आणि आशियाई उमेदवारांमधूनही आपल्याशी पटणारी माणसं निवडून त्यांना पाठिंबा दिला आणि ब्रिटिशांचा डाव त्यांच्यावरच उलटला. १९६०च्या निवडणुकीत ७१पैकी ७० जागा पक्षाने जिंकल्या. ९ डिसेंबर १९६१ला देश स्वतंत्र झाला, रक्त न सांडता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ऑक्टोबर १९६१मध्ये, नागरिकत्वाच्या कायद्यावर विधिमंडळात वाद पेटला. नागरिकत्व फक्त काळ्या लोकांना द्या, अशी काही सभासदांची मागणी होती. तिथल्या आशियाईंमध्ये बहुसंख्य गुजराती व्यापारी होते आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोव्याचे लोकही होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भवितव्य या वादावर ठरणार होतं. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर सरकार राजीनामा देईल, असं न्येरेरेंनी बजावलं आणि मागणी फेटाळली गेली. भारतीय वंशाचे आमिर जमाल पुढे अनेक वर्षं देशाचे अर्थमंत्री होते. हा इतिहास एकरंगी मात्र नाही. १९७१मध्ये भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या, त्याचा फटका मुख्यतः आशियाईंना बसला आणि पुष्कळांनी देश सोडला. तरीही १९७२मध्ये शेजारच्या युगांडात इदी अमीनने आशियाईंना नेसत्या वस्त्रानिशी हाकललं, तसं इथे घडलं नाही.

देश स्वतंत्र होऊन दीड महिनाही झाला नाही तोच न्येरेरेंनी पंतप्रधानपद सोडलं आणि रशिदी कवावा यांच्याकडे कारभार दिला. पक्ष गावोगाव बांधायचा म्हणून ते फिरले, सभा घेतल्या, लिहिलं. वर्षअखेरीस देश प्रजासत्ताक झाला तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. एप्रिल १९६४मध्ये झांझिबारशी एकीकरण झालं आणि त्याच वर्षी पुढे टांझानिया हे नाव आलं. याच काळातली न टाळता येणारी एक बाब: १९६२मध्येच विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला होता आणि १९६५मध्ये देश कायद्यानेच एकपक्षीय झाला.

एकपक्षीय राजवटीतही त्यांनी निवडणुकीची जी पद्धत बसवली ती पाहण्याजोगी आहे. प्रत्येक मतदारसंघात पक्षाचेच दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहत. एकाची निशाणी कुदळ, दुसऱ्याची घर. दोघांनी एकाच व्यासपीठावरून, पक्षाने भरवलेल्या सभांत बोलायचं, स्वतःचा पैसा ओतायचा नाही, जातीजमातीच्या नावाने मत मागायचं नाही. १९६५मध्ये या पद्धतीत विद्यमान मंत्रीसुद्धा पडले. एखाद्या वक्तृत्वस्पर्धेची शिस्त त्यात दिसते. पण धोरणच मान्य नाही, असं म्हणणाऱ्याला या मांडणीत जागा नव्हती.

न्येरेरे नंतरच्या काळात सांगत, की ब्रिटिश गेले तेव्हा देशात दोन प्रशिक्षित इंजिनिअर आणि बारा डॉक्टर होते. अशा देशाला त्यांनी समाजवादाची वाट दाखवली. पक्षाच्या ५ फेब्रुवारी १९६७च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर बँका आणि मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे झाले. पुढाऱ्यांना भाड्याची घरं, कंपन्यांचे शेअर आणि दोन-दोन पगार निषिद्ध ठरले. पुढच्याच महिन्यात त्यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका काढली. राष्ट्रप्रमुखाने लिहिलेला हा शिक्षणावरचा निबंध आजही वाचावा असा आहे. त्यांचा हिशेब सरळ होता: प्राथमिक शाळा संपवणाऱ्या शंभर मुलांतल्या तेरांनाच माध्यमिक शाळेत जागा आहे. तरी सगळ्या शंभरांना आपण त्या तेरांसाठीचा अभ्यास शिकवतो आणि उरलेल्या सत्त्याऐंशींच्या कपाळी ‘नापास’ मारून त्यांना गावी पाठवतो. तेव्हा प्राथमिक शिक्षण स्वतःत पुरं व्हावं, शाळेला शेत असावं, त्यात मुलांनी आणि मास्तरांनी राबावं आणि त्या उत्पन्नाचं काय करायचं ते मुलांनीच ठरवावं. बऱ्याच शाळांत प्रत्यक्षात झालं ते वेगळं. शेत म्हणजे मुलांकडून करून घ्यायची बिनपगारी मजुरी होऊन बसली आणि ठरवण्याचा भाग पुस्तिकेतच राहिला.

प्रौढ शिक्षणाची कामगिरी मात्र मनापासून वाखाणावी अशी. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या जिल्ह्यांत कापूस पिकवणाऱ्यांसाठी कपाशीवरची वाचनपुस्तिका, मासेमारांसाठी मासळीवरची, केळीबागवाल्यांसाठी केळीवरची. माणूस अक्षर शिकता शिकता आपल्याच धंद्यातलं काही नवं शिके. १९७३मध्ये ‘म्तु नि आफ्या’, म्हणजे माणूस म्हणजे आरोग्य, ही मोहीम रेडिओवरून झाली. गावोगाव गट करून लोक रेडिओभोवती बसत. हिवताप, हगवण, अंकुशकृमी असा एकेका आठवड्याला एकेक विषय. कार्यक्रम ऐकून झाला की गटप्रमुख पुस्तिकेतून वाचून दाखवी, चर्चा होई आणि मग सगळे उठून डबकी बुजवायला, संडासाचे खड्डे खणायला जात. सुमारे वीस लाख लोक या गटांत बसले. १९६७मध्ये तीन प्रौढांतला जेमतेम एक साक्षर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारी आकड्यांनुसार शंभरातले सुमारे नव्वद साक्षर होते. आकडे फुगवलेले असतील असं गृहीत धरलं तरी फरक प्रचंड आहे.

हे सगळं स्वाहिलीत चाललं. देशात शंभराहून अधिक जमाती आणि तेवढ्याच बोली. कुणा मोठ्या जमातीची भाषा लादली असती तर भांडण अटळ होतं. स्वाहिली किनाऱ्यावरची आणि व्यापाराची भाषा, आतल्या कुठल्याच जमातीची मक्तेदारी नसलेली. न्येरेरेंनी ती प्राथमिक शाळेची आणि कारभाराची भाषा केली. ती थोर साहित्य पेलू शकते हे दाखवायला राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच शेक्सपिअरची ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटकं त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणली. शेजारच्या केनियात, युगांडात, रवांडात जमातींच्या नावाने जे रक्तपात झाले ते टांझानियाने पाहिले नाहीत, यात या भाषाधोरणाचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता छडीकडे वळू. १९६६च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा काढला. पुढारी गलेलठ्ठ पगार घेतात आणि त्याग आम्ही करायचा, हा त्यांचा सवाल होता. न्येरेरे संतापले. तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी एका दमात गावी धाडून दिलं. त्याच वेळी मुलांचा पगाराबद्दलचा मुद्दा मान्य करून स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कापला. या प्रसंगात ते सबंध दिसतात.

रुवुमा भागाची कथा अधिक खेदाची आहे. देशाच्या दक्षिण टोकाला लितोवा इथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला काही तरुण कुटुंबांनी एकत्र येऊन शेती सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. हळूहळू सतरा गावं या संघात आली. निर्णय गावसभेत होत, त्यांनी स्वतःची शाळा काढली, तीत मुलं शिकत आणि राबतही. न्येरेरे ज्या ‘उजामा’ची, म्हणजे कुटुंबासारख्या सहजीवनाची, भाषणं देत होते ते इथे लोकांनी आपल्या हिमतीवर करून दाखवलं होतं. त्यांच्या शिक्षणाच्या पुस्तिकेवरही लितोवाच्या शाळेची छाप असल्याचं मानलं जातं. पण ही गावं पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांना जुमानत नव्हती. सप्टेंबर १९६९मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने हा संघ बरखास्त केला आणि त्याची मालमत्ता ताब्यात घेतली. जे शिकवलं ते ज्यांना उत्तम उमगलं त्यांनाच पक्षाने वर्गाबाहेर काढलं आणि न्येरेरेंनी ते होऊ दिलं. त्यांच्या कारकिर्दीला इथूनच वळण लागलं, असं मला वाटतं.

कारण त्यानंतर उजामाची गावं बसवण्याचं काम समजुतीकडून हुकमाकडे गेलं. विखुरलेल्या वस्त्यांना शाळा, दवाखाना आणि नळ देता येत नाही, म्हणून लोकांनी एकत्र राहावं, हा मूळ विचार रास्त होता. नोव्हेंबर १९७३मध्ये मात्र न्येरेरेंनी जाहीर केलं, की गावात राहणं आता सक्तीचं आहे आणि १९७६ अखेर सगळा देश गावांत आला पाहिजे. लाखो माणसं ट्रकमध्ये घालून हलवली गेली. परत जाऊ नयेत म्हणून कित्येक ठिकाणी जुनी घरं जाळली. नवी गावं कागदावर आखलेली, कुठे पाणी लांब, कुठे जमीन नापीक, शेतं मैलभर दूर. त्यातच दुष्काळ पडला आणि १९७४-७५मध्ये धान्य आयात करावं लागलं. १९७२मध्ये स्थानिक स्वराज्य संस्था मोडल्या होत्या, १९७६मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही मोडल्या. म्हणजे चुकतंय हे वर कळवणारी माणसंच उरली नाहीत.

आर्थिक घसरणीला बाहेरचीही कारणं होती. तेलाचे भाव वाढले, निर्यातीच्या मालाचे पडले आणि ऑक्टोबर १९७८मध्ये अमीनच्या फौजा टांझानियाच्या कागेरा भागात घुसल्या. टांझानियाच्या सैन्याने प्रतिहल्ला करून एप्रिल १९७९मध्ये कंपाला घेतलं आणि अमीन पळाला. या युद्धाचा खर्च टांझानियालाच सोसावा लागला. दक्षिणेतल्या मुक्तिलढ्यांना आसरा देण्याचं ओझंही या गरीब देशाने असंच वर्षानुवर्षं वाहिलं. मोझांबिकच्या फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचे तळ इथे होते आणि दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या मुलांसाठी मोरोगोरोजवळ मझिंबूला शाळा होती.

१९८५मध्ये न्येरेरेंनी राष्ट्राध्यक्षपद आपण होऊन सोडलं. त्या काळात आफ्रिकेत असं करणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या जागी आलेले अली हसन म्विन्यी हेही मूळचे शिक्षक. पद सोडण्याच्या सुमारास दिलेल्या एका मुलाखतीत न्येरेरेंनी स्पष्ट सांगितलं, की पुन्हा सुरुवात करायची झाली तर स्थानिक स्वराज्य संस्था आणि सहकारी संस्था मोडण्याची चूक आपण करणार नाही. १९९०मध्ये त्यांनी अनेक पक्षांना वाव देण्याची चर्चा स्वतःच सुरू केली. चौकशी आयोगापुढे बहुसंख्य लोकांनी एकच पक्ष राहू द्या असं सांगितलं होतं, तरीही १९९२मध्ये बहुपक्षीय पद्धत आली. भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार १९९५मध्ये सुरू झाला तेव्हा पहिला मान न्येरेरेंना मिळाला. शेवटच्या वर्षांत बुतियामाला शेती करत त्यांनी येशूची शुभवर्तमानं स्वाहिली पद्यात उतरवली आणि बुरुंडीतलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी वाटाघाटी घडवून आणल्या. १४ ऑक्टोबर १९९९ला लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते गेले.

त्यांनी मोफत केलेल्या प्राथमिक शिक्षणाला नंतरच्या काटकसरीत पुन्हा फी लागली. मुलं शाळेबाहेर पडू लागली, म्हणून या शतकाच्या सुरुवातीला ती फी रद्द करावी लागली. २०१६मध्ये माध्यमिक शाळेच्या पहिल्या चार इयत्तांचीही फी माफ झाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जॉन मागुफुली, पूर्वी रसायन आणि गणित शिकवणारे. न्येरेरेंनी सत्तरच्या दशकात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा मास्तर कमी पडले म्हणून सातवी पास मुलांनाच पत्राद्वारे आणि रेडिओवरून शिकवून वर्गावर पाठवावं लागलं होतं. मागुफुलींच्या वेळीही वर्ग ओसंडून वाहिले आणि मास्तर पुन्हा अपुरे पडले.